तुतीला टांगलेली कणीक

पाच जानेवारी. सहालाच जनरेटर बंद पडला
आणि आई म्हणाली, बरंच झालं,
त्याला कुठे विजेच्या दिव्याची सवय आहे.

त्याला म्हणजे येशूला.
आमच्या डोंगरात आजच्या रात्री, बाराच्या घंटेला
तो दारादारावरून जातो
आणि जाता जाता म्हणतो, दायम, दायम.
म्हणजे नेहमी. म्हणजे बरणीत आहे ते संपू नये.

म्हणून दुपारपासून झाकणं काढून ठेवलीत.
मसूर, बुल्गूर, वाळवलेले अंजीर,
चरबीत मुरवलेलं मटण,
तेलाचा डबा, ज्याच्या तळाला आता पळी खणखणते.
रिकाम्या बरणीचंही काढ, सलवा.
आत डोकावल्याशिवाय त्याला कसं कळणार?

मग ती कणीक मळते. खमीर नाही, मीठ नाही,
नुसतं पीठ आणि खालच्या झऱ्याचं पाणी.
बोटाच्या कडेने उंड्यावर क्रूस उमटवते,
पोटात एक नाणं दाबते,
ज्या नाण्याला आता काडेपेटीही येत नाही,
आणि पांढऱ्या फडक्यात गाठ मारते.
फडकं माझ्या भावाच्या बाप्तिस्म्याच्या झबल्याचं.
रात्रभर झाडावर राहिली की ती आपोआप फुगते.
वर्षभराच्या भाकरीला तेच विरजण.

बाराला सगळी झाडं वाकतात म्हणे.
ओक वाकतो, अक्रोड वाकतो,
डाळिंब तर एरवीही लवलेलंच.
एकटी तुती वाकत नाही.
म्हणून आज शेगडीत तुतीचंच लाकूड जाळायचं, शिक्षा म्हणून.
बाबा दर वर्षी कुऱ्हाड घेऊन निघायचे
आणि एक वाळकी काटकी घेऊन परतायचे.
त्यांच्या आजीने हिच्याच पानांवर रेशमाचे किडे पोसले होते.
हा वरचा मजला त्या कोशांचा.

यंदा बाबा नाहीत. डिझेलचा भाव विचारायची सोय नाही.
सकाळी शेजारचा तान्नूस येऊन म्हणाला,
उद्या करवत आणतो, उम्म नख्ले.
अर्धं लाकूड तुमचं, अर्धं माझं.
आई म्हणाली, बघू.

रात्री कंदील घेऊन निघाली ती सरळ तुतीकडे.
आई, कणीक अक्रोडावर टांगतात.
टांगू देत.
अक्रोड वाकलेला असेल, त्याच्यापाशी तो कशाला थांबेल?
हिच्यापाशी थांबेल. विचारेल,
काय गं, तुझं काय दुखतंय?

दार किलकिलं ठेवलं. आधी मांजर आलं, मग गारठा.
बाराला पाच कमी असताना नख्लेचा फोन,
साओ पावलोत संध्याकाळचे सात, तो बनियनवर.
आईने बरण्या दाखवल्या, एकेक, कंदिलाच्या उजेडात.
त्याने हसत फ्रिजचं दार उघडून दाखवलं.
तसंच राहू दे रात्रभर, आई म्हणाली.
वीज फुकट आहे का, तो म्हणाला.
पण दार लावल्याचा आवाज
मला तरी आला नाही.

मग घंटा. आम्ही दोघी खिडकीशी.
अंधारात काय वाकलं, काय नाही,
कोण सांगणार.

पहाटे फडकं हिवाने कडक झालं होतं.
मी कणकेत अंगठा दाबून पाहिला.
खळगा भरून आला, अगदी हळू,
की माझाच हात थरथरत होता?
फुगलीय, आई म्हणाली, न बघताच,
आणि बरण्यांची झाकणं लावायला बसली.
रिकामीचं तिने लावलं नाही.

तान्नूस आला तेव्हा कढई तापली होती.
तिने पाकातून काढून चार गोळे त्याच्या हातावर ठेवले,
करवत खाली ठेवायलाही वेळ न देता.
तो उभ्या उभ्या खात राहिला, तुतीकडे पाठ करून,
तोंड भाजलं म्हणून फू फू करत,
आणि पाक त्याच्या मनगटावरून
करवतीच्या दातांवर ठिबकत होता.